रेजिनाच्या शेजारची जागा

लिनेटचा फोन आला तेव्हा मी दारासमोरचा बर्फ शोव्हल करून नुकताच आत आलो होतो आणि एक बूट काढून झाला होता. ‘‘अंकल, डॅड पास्ड अवे धिस मॉर्निंग,’’ ती म्हणाली. दुसरा बूट पायात तसाच ठेवून मी जिन्याच्या पायरीवर बसलो. न्यूमोनिया झाला होता, खालच्या शहरातल्या हॉस्पिटलात हलवलं होतं, ती टोरोंटोहून वेळेत पोचली होती, शेवटी तो झोपेतच गेला... हे सगळं तिने एखाद्या अहवालासारखं सांगितलं. रडणं एक तर उरकलं असावं किंवा पुढे ढकललं असावं. मग तिने विचारलं, ‘‘अंकल, डिड ही एव्हर टेल यू व्हॉट ही वॉन्टेड?’’

पुरायचं की जाळायचं, हे ती विचारत होती. तिचा बाप पास्कल वसईचा, कॅथलिक. मी ठाण्याचा, जन्माने हिंदू, बाकी फारसा कशाचाच नाही. अशा प्रश्नाचं उत्तर खरं तर त्याच्या चर्चमधल्या फादरांकडे असायला हवं. पण लिनेटचा अंदाज बरोबर होता, तिच्या बापाने ते मला सांगितलं होतं. अडचण इतकीच, की त्याने मला दोन्ही सांगितलं होतं.

ब्रिटिश कोलंबियातल्या डोंगरांमध्ये, एका लांबट तळ्याच्या काठी पास्कलचं मोटेल होतं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या पर्यटन समितीला माझ्या हातून आणखी मदत व्हावी अशी इच्छा नाही. हिवाळ्यात लोक स्कीइंगला येतात, उन्हाळ्यात बोटी घेऊन येतात, तळ्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात आणि रविवारी संध्याकाळी निघून जातात. रजेवर आलेल्यांचं हे गाव. ज्यांना रजा नाही ते त्यांच्या चादरी बदलतात. पास्कल आणि त्याची बायको रेजिना ह्या दुसऱ्या जातीतले. मुंबईतल्या हॉटेलात, मग आखातात, मग टोरोंटोजवळ अशी नोकरी करत करत पास्कल तिथे पोचला होता. टोरोंटोच्या आसपास वसईची पुष्कळ माणसं, ती सोडून इतक्या लांब कशाला आलास, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, ‘‘तिथे दर रविवारी चर्चबाहेर तीच माणसं भेटायची, ज्यांना टाळायला मी वसई सोडली.’’ रेजिनावहिनींना कोणाला टाळायचं नव्हतं. तरी त्या आल्या आणि पुढे आयुष्यभर नवऱ्याशिवाय कोणाशी आपल्या बोलीत बोलल्या नाहीत. त्या दोघांची आपसातली बोली मला अर्धीच कळायची, पण भांडण चाललंय एवढं कळायला अर्धी पुरे.

आमची ओळख हिमकडा कोसळल्यामुळे झाली. मी सस्काटूनच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयात नोकरीला होतो आणि व्हँकुव्हरच्या एका परिषदेला गाडीने निघालो होतो. पुढे हायवे बंद झाला आणि जी मिळेल ती खोली घ्यावी लागली. लॉबीतल्या सार्वजनिक फोनवरून मी बायकोला, शुभदाला, परिस्थितीचं वर्णन ऐकवत होतो, मराठीत, अर्थातच मोठ्याने: खोली खुराड्याएवढी आहे, गादीत खड्डा आहे, पडद्यांना कसला तरी वास येतोय. काउंटरमागचा माणूस पेपरमधून मान वर न करता म्हणाला, ‘‘पडदे परवाच धुतलेत. वास बोंबलाचा आहे. जेवायला येणार असाल तर तसं सांगा, बायको आणखी भाजेल.’’ शुभदाने तिकडून ‘‘कोण बोलतंय?’’ असं विचारलं ते मला अजून आठवतं. त्या जेवणानंतर मी ‘प्रोफेसर’ झालो. मी प्रोफेसर नाही, पुस्तकं लावणारा माणूस आहे, हे मी अनेकदा सांगितलं. पास्कलच्या मते विद्यापीठात पगार घेणारा तो प्रोफेसर, हॉस्पिटलात घेणारा तो डॉक्टर, आणि हा प्रश्न त्याने कायमचा मिटवला होता.

पुढे आम्ही दर नोव्हेंबरात तिथे जायला लागलो. तेव्हा त्या गावाला वर्षातून दोनदा चिखलाचे महिने असायचे, एक बर्फ वितळताना आणि एक बर्फ पडण्याआधी. तेवढ्यापुरतं गाव गावकऱ्यांना परत मिळायचं. दुकानदार दुकानं बंद करून छपरं दुरुस्त करायचे, लग्नं उरकायचे, दातांची कामं करून घ्यायचे. रेजिनावहिनी दोन नोव्हेंबरची वाट बघायच्या. वसईला त्या दिवशी सगळी दफनभूमी मेणबत्त्यांनी भरून जाते, आपापल्या माणसांच्या कबरी धुऊन, फुलं लावून लोक तिथे उभे राहतात. इथे वहिनींचं कोणी पुरलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी गावामागच्या टेकडीवरच्या सिमेटरीतली एक कबर निवडली होती, कोणा रेल्वेमजुराची, दगड कलंडलेला, नाव पुसट. काचेच्या बरणीत मेणबत्ती लावून त्या तिथे प्रार्थना म्हणायच्या. ‘‘वहिनी, हा कोण लागतो तुमचा?’’ मी पहिल्या वर्षी विचारलं. ‘‘कोणी नाही, भावजी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण कोणाचा तरी असेलच ना.’’ मला चेष्टा करायची होती, ती राहून गेली.

वहिनी गेल्या त्या अशाच एका चिखलाच्या महिन्यात. आजार पोटाचा, कळला तेव्हा उशीर झालेला. टेकडीवर जागा मिळाली. दफनाची व्यवस्था बघणाऱ्या माणसाने पास्कलला विचारलं, की खड्डा नेहमीच्या खोलीचा हवा की दुप्पट? पास्कलने त्याच्याकडे एक धंद्यातला माणूस दुसऱ्याकडे बघतो तसं बघितलं. उभं आयुष्य त्याने ट्रक चालवून दमलेल्या माणसांना साधी खोली नको, तळ्याकडची घ्या, असं गोड बोलून पटवलं होतं; समोरचा काय विकतोय हे त्याला बरोबर कळतं असा त्याचा विश्वास होता. ‘‘शी वॉज अ स्मॉल वुमन,’’ तो म्हणाला, ‘‘रेग्युलर इज फाइन.’’ मी शेजारी उभा होतो. परत येताना गाडीत तो म्हणाला, ‘‘बघितलंस? मयतातसुद्धा अपग्रेड.’’ मला ते पटलं. तेव्हा आम्हा दोघांना तो एक छोटासा विजय वाटला होता.

ह्या चुकीचं मूळ वसईत आहे. तिथे चर्चच्या आवारात जागा कमी आणि माणसं पिढ्यान्पिढ्या तीच. त्यामुळे काही वर्षं गेली की कबर उघडतात, जुन्या अस्थी बाजूला ठेवतात आणि घरातल्या पुढच्या माणसाला तिथेच पुरतात. पास्कलचा आजा, आजी, एक चुलता, मग बाप, सगळे एकामागून एक त्याच मातीत गेले होते. नवराबायको शेवटी एका जागी येतात ही त्याच्या लेखी ठरवण्याची गोष्टच नव्हती. रात्रीनंतर सकाळ येते, त्यातला प्रकार. इथे असं काही होत नाही, इथे एकदा पुरलेल्या माणसाला कोणी हलवत नाही आणि दोघांना एकावर एक ठेवायचं असेल तर पहिल्याच वेळी खोल खणावं लागतं, हे त्याला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतंच की, त्याने विचारलं असतं तर.

मधल्या काळात गावाने चिखलाचे महिने रद्द केले. म्हणजे चिखल राहिला, महिने गेले. ‘बाराही महिने स्वर्ग’ अशा अर्थाची एक भली मोठी पाटी हायवेवर लागली. तिच्या अनावरणाला मेयर गळ्यात हुद्द्याची साखळी घालून आले, बँड आला, आणि गावातला सर्वांत जुना मोटेलवाला म्हणून पास्कलला व्यासपीठावर बसवून ‘गावाचा आधारस्तंभ’ असं कोरलेली लाकडी ढाल देण्यात आली. ती त्याने लॉन्ड्रीचं दार उघडं राहावं म्हणून टेकूला लावली. ‘‘चांगली जड आहे,’’ एवढंच म्हणाला. वसंतात सायकलींचा महोत्सव, नोव्हेंबरात दिव्यांचा. टेकडीवर, सिमेटरीच्या अलीकडे, कठडा बांधून दूरबीण बसवली; तळं तिथूनच सगळ्यांत छान दिसतं हा शोध समितीला लागला होता. मेलेल्यांना तो आधीच लागला होता, पण त्यांची समिती नाही.

मग एका दुपारी फोन आला. ‘‘प्रोफेसर, फुल आहे.’’

‘‘मोटेल?’’

‘‘सिमेटरी.’’

वहिनींच्या दगडावर स्वतःचं नाव कोरून घ्यावं, साल तेवढं मोकळं ठेवावं, म्हणून तो नगरपालिकेत गेला होता. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरवर बघून अतिशय नम्रपणे सांगितलं, की ह्या कबरीत दुसरी शवपेटी बसत नाही, कधीच बसणार नाही. शेजारच्या जागा? त्या केव्हाच गेल्या. कॅल्गरीच्या लोकांनी इथे सुट्टीतली घरं घेतली तेव्हा हौसेने ह्याही घेऊन ठेवल्या. उरलेली जागा खाली हायवेच्या बाजूच्या नव्या सिमेटरीत, गाडीने पाऊण तासावर. मोटेलच्या दारावर ‘नो व्हेकन्सी’चा लाल दिवा लावताना त्याला कायम समाधान वाटत आलं होतं, असं तो म्हणाला. आता तो दिवा बघावा लागू नये म्हणून त्याने लावणंच सोडलं.

वहिनींच्या लगतची जागा एका निवृत्त दंतवैद्याची निघाली. पुढच्या नोव्हेंबरात पास्कल मला घेऊन त्याला कॉफीच्या दुकानात भेटला. पास्कलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आपली जागा त्याने सोडावी, बदली हवी तर दुसरी शोधून देतो, इतकं त्याने बोलायचं ठरवलं होतं आणि तेवढंच, अडखळत, बोलला. दंतवैद्य चांगला माणूस होता. त्याने रेजिनावहिनींबद्दल विचारपूस केली, पास्कलच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, की त्याला फार वाईट वाटतं, पण ‘‘माय वाइफ जस्ट लव्ह्ज द व्ह्यू.’’ पास्कल त्याच्याकडे बघून हसला आणि हसता हसताच मला मराठीत म्हणाला, ‘‘ह्याला मेल्यावर लेक-व्ह्यू पाहिजे. जन्मभर लोकांचे जबडे बघितले ना.’’ बाहेर आल्यावर हसू गेलं. ‘‘ह्याला काय बोलू? मीच नाही का शिकवलं सगळ्यांना, तळ्याकडची घ्या म्हणून...’’

राहिला एकच मार्ग, आणि तो नगरपालिकेतल्या मुलीनेच दाखवला होता. पेटी चालत नाही, राख चालते. वहिनींच्या कबरीत वरच्या वर खणून राखेची पेटी ठेवता येते. गावातले फादर नायजेरियाहून आलेले, तरुण, मनमोकळे. चर्चला आता दहन चालतं, असं त्यांनी पास्कलला समजावलं. ‘‘चर्चला चालतं रे,’’ पास्कल मला म्हणाला, ‘‘माझ्या आईला नाही चालणार. आणि स्वर्गाच्या फाटकात तीच उभी असेल.’’ आग ही नरकाची, माणूस मातीचा, मातीत अख्खा जातो आणि शेवटच्या दिवशी अख्खा उठतो, हे आईने त्याला बोलता येण्याआधी शिकवलेलं. ते त्याने कधी तपासून बघितलं नव्हतं. माणूस आपली हाडं तपासून बघत नाही तसं. आता ते, किंवा रेजिना. दोन्ही मिळणार नव्हतं.

त्यानंतर त्याचे फोन येत राहिले. ‘‘ठरलं. राख.’’ आठवडा जातो न जातो तोच, ‘‘नाही, नको रे बाबा. खाली हायवेवर जातो. अख्खा जातो.’’

‘‘आणि वहिनी?’’

‘‘तिचं काय, पाऊण तासाचा तर रस्ता.’’ मग, ‘‘ती गाडी चालवायला शिकली नाही कधी.’’

लिनेटशी हे बोल, असं मी दर वेळी सांगायचो. ‘‘तिला काय सांगू? ती म्हणते, डॅड, टोरोंटोला ये, आमच्याजवळ राहा. इकडे मला मेल्यावर जागा नाही हे तिला कळलं तर उद्याच येऊन सामान बांधेल.’’ ते खरं होतं. लिनेट लहानपणापासून मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देते, पण निर्णय आईसारखे घेते.

शेवटचा भेटलो तो गेल्या नोव्हेंबरात. दिव्यांचा महोत्सव चालू होता, तळ्याभोवती निळ्याजांभळ्या माळा, लाउडस्पीकरवर ख्रिसमसची गाणी वेळेच्या खूप आधी. पास्कलला खोकला होता, चढताना तो थांबत होता. त्याने वहिनींच्या दगडापाशी बरणी ठेवली, मग त्या रेल्वेमजुरापाशी दुसरी. तेवढ्यात कठड्याकडून एक जोडपं आलं आणि फोटो काढाल का, असं त्याला विचारलं. त्याने मेणबत्ती पेटवायची काडी विझवली, हात पुसले, त्यांना थोडं डावीकडे सरकवलं आणि फोटो काढला. ‘‘वन मोर,’’ तो म्हणाला, आणि आणखी एक काढला. ते गेल्यावर माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

‘‘प्रोफेसर, तुमच्यात जाळल्यावर माणूस राहतो का रे?’’

‘‘कुठे?’’

‘‘कुठेही.’’

मी आयुष्यभर पुस्तकांमध्ये राहिलो आहे. ह्या विषयावरची तर मी कपाटंच्या कपाटं लावली आहेत. ‘‘मला माहीत नाही, पास्कल,’’ मी म्हणालो.

‘‘आमचे फादर बरे,’’ तो म्हणाला, ‘‘त्यांना माहीत नसलं तरी सांगतात.’’ आणि खोकल्यासारखं हसला. वारा सुटला होता. बरणीतल्या ज्योतीला त्याने दोन्ही हातांचा आडोसा केला. भोवती काच असताना आडोशाची गरज नव्हती. ‘‘हिला थंडी सोसायची नाही,’’ तो म्हणाला. ह्यावर त्याने राख की पेटी हे सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

हे सगळं मी पायरीवर बसून लिनेटला सांगितलं. खड्ड्याच्या खोलीचं, दंतवैद्याचं, फोनांचं. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. ‘‘सो ही नेव्हर डिसायडेड,’’ ती म्हणाली. मी म्हणालो, ‘‘ठरवत होता गं. सारखा ठरवत होता.’’ मग तिने जे विचारलं ते मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. तो आईबद्दल बोलायचा तेव्हा काय म्हणायचा?

मला आठवून बघावं लागलं नाही. वहिनींचा विषय असला की राख. स्वतःचा असला की पेटी. ‘‘ओके,’’ लिनेट म्हणाली. ‘‘ओके.’’ आणि तेव्हा ती रडली.

मी कॅल्गरीपर्यंत विमानाने गेलो, पुढे तिने भाड्याच्या गाडीतून नेलं. खालच्या शहरातल्या दहनगृहात तिने माझा हात धरला. ‘‘यू पीपल नो हाऊ टु डू धिस, अंकल.’’ माझे वडील गेले तेव्हा सगळं थोरल्या भावाने केलं. मी ठाण्याला पोचलो तो तेराव्याच्या जेवणाला. हे तिला सांगण्याची ती वेळ नव्हती. फादरांनी प्रार्थना म्हटली. एक बटण होतं, ते तिने दाबलं. मी फक्त तिच्या शेजारी उभा राहिलो; आमच्याकडचे जाणकार लोकही तेवढंच करतात, असं मला त्या वेळी वाटलं.

आणि त्यानंतर कळलं, की थांबावं लागणार. टेकडीवरच्या रस्त्याचा बर्फ दूरबिणीच्या कठड्यापर्यंतच काढतात, त्यापुढे नाही. सिमेटरीची जमीन गोठलेली. मे महिन्याआधी काही होणार नाही. दहनगृहातला माणूस म्हणाला, आमच्याकडे स्टोरेज आहे. लिनेट म्हणाली, ‘‘ही इज नॉट अ सूटकेस.’’ मोटेलचं हीटिंग बंद करून टाकलेलं. तिच्या काँडोत दोन लहान मुलं, त्यांना आजोबा डब्यात आहेत हे कसं समजवायचं तिला कळेना. राख घरात ठेवू नये असा चर्चचा नियम आहे, असं फादर म्हणाले, आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, की नियम करणाऱ्यांनी हा बर्फ बघितला नसावा. मी म्हणालो, माझ्याकडे राहू दे. मेमध्ये मी त्याला घेऊन येतो.

तर पास्कल सध्या सस्काटूनला, आमच्या पाहुण्यांच्या खोलीत आहे. इतक्या वर्षांत तो कधी आला नव्हता. मी बोलवायचो, तो हो म्हणायचा, आणि बाराही महिने स्वर्ग चालवणाऱ्या माणसाला तेरावा महिना मिळाला नाही. शुभदाने टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरला, त्यावर राखेची ती पेटी आहे. खोलीत जायचं काम रोज पडतंच, इस्त्री तिथे असते, माझी जुनी मासिकं तिथे असतात.

पहिल्याच दिवशी दाराशी मी थांबलो. पास्कलला एक सवय होती, मोटेलवाल्यांना लागते ती. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी दोन बोटांनी दारावर दोनदा टकटक करायची आणि थोडं थांबायचं. रिकाम्या खोल्यांना करायचा, लॉन्ड्रीला करायचा. गेल्या नोव्हेंबरात आम्ही टेकडीवर निघालो तेव्हा तो स्वेटर आणायला आपल्या बेडरूमकडे गेला. त्या खोलीत वहिनी गेल्यापासून दुसरं कोणी नव्हतं. त्याने दोनदा टकटक केली, मान किंचित वाकवून थांबला, आणि मग आत गेला. मी तेव्हा मफलर गुंडाळत होतो.

आता मीही दोनदा वाजवतो. शुभदाने ऐकलं; परवा तीही वाजवून आत गेली. गेल्या रविवारी हे लिनेटला फोनवर सांगितलं आणि म्हणालो, मेमध्ये आईच्या कबरीत त्याला ठेवताना आधी कोणीतरी दगडावर दोनदा वाजवायला हवं.

ती म्हणाली, ‘‘अँड देन वी वेट, राइट?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘मग थोडं थांबायचं.’’